सात मिनिटे आणि तीन दिवे

मराठी माणसाची भाषण ऐकण्याची हौस जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती ज्या संस्थेतर्फे चालते तिचे नावच मुळी 'वक्तृत्वोत्तेजक सभा' असे आहे. आचार्य अत्रे, प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर यांच्या व्याख्यानांच्या आठवणी आजही घराघरांत निघतात. ऐकण्याची परंपरा इतकी समृद्ध असताना बोलण्याच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी बहुतेक जण विलक्षण दरिद्री असतात. वक्ता दहा हजारांत एखादाच निपजतो, असे सुभाषितकाराने सांगून ठेवले आहे. त्यामुळे उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांनी प्रयत्नच सोडून दिला असावा.

प्रस्तुत लेखकाची गणना या उरलेल्यांत होती. बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. काउंटरवर बसून माणसांशी बोलणे हाच व्यवसाय. तरीही चारचौघांसमोर उभे राहून बोलण्याचे प्रसंग मी मोठ्या कौशल्याने टाळत आलो. तीन वर्षांपूर्वी असा एक प्रसंग टळला नाही. ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काम केले, त्या आमच्या जुन्या शाखाधिकाऱ्यांचे निधन झाले. त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात शोकसभा होती. "तुम्ही साहेबांच्या सर्वांत जवळचे, दोन शब्द बोला," असे कोणीतरी म्हणाले आणि मी उभा राहिलो. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. "साहेब फार मोठे माणूस होते," एवढे वाक्य उच्चारले, थांबलो, पुन्हा तेच वाक्य उच्चारले आणि खाली बसलो. वहिनींनी हात जोडले. घरी परतताना रिक्षात बसल्यावर सांगण्यासारख्या गोष्टी एकामागून एक आठवू लागल्या. परंतु त्या ऐकायला रिक्षावाल्याखेरीज कोणी नव्हते.

ही सल मनात असतानाच एका परिचिताने वक्तृत्वाच्या एका वार्षिक परिषदेला चलण्याचा आग्रह केला. टोस्टमास्टर्स या संस्थेच्या क्लबांची ती दोन दिवसांची परिषद पुण्यात भरणार होती. "तुम्हाला काही बोलायचे नाही, नुसते ऐकायचे आहे," हे आश्वासन मिळाले म्हणूनच मी गेलो. ऐकणे म्हणजे काय, हेच आपल्याला ठाऊक नाही, असा शोध तेथे लागेल याची कल्पना नव्हती.

'टोस्टमास्टर' हा शब्द मूळचा मेजवानीतला. पाश्चात्त्य भोजनसमारंभात वक्त्यांची ओळख करून देणारा, पाहुण्यांच्या सन्मानार्थ पेला उंचावण्याची सूचना करणारा तो टोस्टमास्टर. राल्फ स्मेडली हे गृहस्थ अमेरिकेत वायएमसीए या संस्थेत शिक्षणाचे काम पाहत असत. तेथे येणाऱ्या तरुणांना सभेत बोलता येत नाही आणि सभा चालविताही येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे १९०५ साली त्यांनी पहिला प्रयोग केला. आज जी संस्था जगभर पसरली आहे तिचा प्रारंभ मात्र २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, वायएमसीएच्या तळघरात झाला. सध्या सुमारे दीडशे देशांत तिचे हजारो क्लब आहेत. बोलण्याचा हा हक्क प्रारंभी पुरुषांपुरताच होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९७० मध्ये हेलन ब्लँचर्ड या बाईंची नोंदणी 'होमर' या पुरुषी नावाने करावी लागली. स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७३ साली. आणि याच हेलन ब्लँचर्ड १९८५ मध्ये संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

क्लबात पगारी शिक्षक नसतो. सभासदच आळीपाळीने बोलतात, ऐकतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. एक जण वेळ मोजतो, एक जण भाषेकडे लक्ष ठेवतो आणि एका बिचाऱ्याकडे वक्त्याने किती वेळा 'अं', 'म्हणजे', 'तर' असे निरर्थक उच्चार केले ते मोजण्याचे काम असते. आपल्याकडील काही सभांना असा एखादा मोजणारा दिला तर त्याला वही पुरणार नाही.

वर्षातून एकदा क्लबापासून स्पर्धा सुरू होतात आणि निरनिराळ्या पातळ्या ओलांडत त्यांतील एक वक्ता जागतिक अंतिम फेरीत विजयी ठरतो. ही अंतिम फेरी संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात, बहुधा ऑगस्टमध्ये होते. मी गेलो होतो ती परिषद या उतरंडीतील मधली पायरी. हॉटेलचे मोठे सभागृह, गळ्यात बिल्ले, दाराशी नोंदणीचे टेबल, सगळे एखाद्या लग्नासारखे. फरक एवढाच, की येथे कार्यक्रम घड्याळावर चालत होता.

त्या घड्याळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुख्य स्पर्धेत भाषण पाच ते सात मिनिटांचे असते. वक्त्यासमोर पहिल्या रांगेत तीन दिवे ठेवलेले असतात. पाच मिनिटे झाली की हिरवा, सहाव्या मिनिटाला पिवळा आणि सातव्या मिनिटाला तांबडा. साडेचार मिनिटांपेक्षा कमी किंवा साडेसात मिनिटांपेक्षा जास्त बोलणारा स्पर्धेतून बाद. मग तो कितीही प्रभावी बोललेला असो. दोन भाषणांच्या मध्ये परीक्षकांना गुण देता यावेत म्हणून पूर्ण एक मिनिट शांतता पाळली जाते. परीक्षक कोण, हे जाहीर केले जात नाही. ते श्रोत्यांतच मिसळून बसलेले असतात. माझ्या शेजारी बसून मधूनमधून जांभया देणारे गृहस्थ परीक्षक असावेत असा मला दोन दिवस संशय होता. ते नव्हते.

एक मिनिटाच्या त्या शांततेचे मला प्रथम हसू आले. चारपाचशे माणसे सभागृहात बसलेली आणि वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी ऐकू येते आहे. तिसऱ्या भाषणानंतर मात्र तिचा उपयोग समजला. आपण एरवी एक भाषण संपताच शेजाऱ्याकडे वळून "छान बोलला" असे म्हणतो आणि विषय संपतो. येथे ते म्हणण्याची सोय नव्हती. त्यामुळे छान म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ते मिनिटभर आपल्यासमोर तसाच उभा राही. पहिल्या वक्त्याच्या भाषणानंतर मला फक्त त्याचा निळा कोट आठवला. तिसरी वक्ती बसल्यावर तिने सांगितलेले रेल्वे फलाटावरचे दृश्य आठवले, त्यातील चहाच्या पेल्यासकट. सगळी माणसे तयारीची, सगळ्यांचे उच्चार स्वच्छ. मग एकाचे काहीच का राहत नाही आणि दुसऱ्याचे चित्र का राहते?

या प्रश्नाचे उत्तर मुख्य स्पर्धेत नव्हे, तर दुपारी झालेल्या मूल्यमापनाच्या स्पर्धेत मिळाले. दुपारचे जेवण झाल्यावर पुष्कळ मंडळी बाहेर गप्पा मारत थांबली, सभागृह निम्मे रिकामे झाले. माझ्या मते परिषदेतील सर्वांत मोलाचा भाग त्यांनी गमावला. हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून थोडा विस्तार करतो. प्रथम एक नमुना वक्ता भाषण करतो. तो स्पर्धक नसतो. स्पर्धक ते भाषण ऐकतात, नंतर त्या सर्वांना बाहेर नेऊन टिपणे करण्यासाठी पाच मिनिटे देतात. मग टिपणे काढून घेतली जातात आणि प्रत्येकाला एकेक करून आत बोलावले की ती परत मिळतात. दोन ते तीन मिनिटांत त्याने त्या वक्त्याला, त्याच्यादेखत, भाषणात काय साधले आणि काय सुधारावे हे सांगायचे. निव्वळ स्तुती केली तर उपयोग नाही आणि निव्वळ झोडपले तर वक्ता पुन्हा उभा राहणार नाही.

नमुना भाषण एका तरुणीने केले. विषय होता कोकणातले आजोळचे घर विकावे लागल्याचा. सगळे इंग्रजीत चालले होते, पण डोळे ओले व्हायला भाषा आड आली नाही. मला तर ते निर्दोष वाटले. पहिल्या स्पर्धकाने तिच्या हातांच्या हालचालींविषयी सांगितले. दुसरा आवाजाच्या चढउतारांविषयी बोलला, आणि मधला एक विराम आणखी दोन सेकंद लांबवता आला असता असे त्याने सुचविले. दोघांचेही म्हणणे योग्य होते. चौथ्या क्रमांकाला एक मध्यमवयीन बाई आल्या. त्यांनी तरुणीकडे पाहून आधी तिच्या शेवटच्या वाक्याचे कौतुक केले आणि मग म्हणाल्या, "घर मोठे होते, असे तू तीन वेळा सांगितलेस. त्याला किती दारे होती ते एकदाही सांगितले नाहीस. आजी दुपारी कोठे बसायची, ते मला दिसले नाही. मला ते घर विकले गेल्याचे दुःख झाले, कारण तू रडलीस. ते घर पाहून रडायची संधी तू मला दिली नाहीस."

सभागृहात कोणी हलले नाही. माझ्यापुरते सांगायचे तर त्या तरुणीच्या जागी मला मी दिसलो. 'मोठे घर' आणि 'मोठे माणूस' यांत फारसा फरक नव्हता. शोकसभेत मला शब्द सुचले नाहीत, घशाला कोरड पडली, हे खरे. पण त्याहून मोठी अडचण अशी, की जे वाक्य सुचले त्यात साहेब नव्हतेच. ते वाक्य कोणत्याही शोकसभेत कोणाविषयीही चालले असते. मी इतकी वर्षे भीतीला दोष देत होतो. त्या बाईंनी दोष दुसऱ्याच ठिकाणी दाखविला. त्यांनी साडेतीन मिनिटांची मर्यादा ओलांडली नाही, पहिला क्रमांकही त्यांनाच मिळाला. निकालाशी मला कर्तव्य नव्हते.

कुशल वक्त्याचे भाषण शिकण्यासाठी ऐकायचे असेल तर ते दोनदा ऐकावे लागते, हे दुसऱ्या दिवशीच्या कार्यशाळेत कळले. पहिल्यांदा श्रोता म्हणून. दुसऱ्यांदा, सुताराने दुसऱ्या सुताराचे कपाट उघडून सांधे पाहावेत तसे. कार्यशाळा घेणारे गृहस्थ स्वतः अनेकदा स्पर्धेत उतरलेले आणि तितक्याच वेळा हरलेले होते. विजेत्यापेक्षा असा माणूस चांगला शिक्षक असतो, असे माझे मत झाले. त्यांनी पडद्यावर जागतिक विजेत्यांची काही भाषणे थांबवत थांबवत दाखविली.

पहिले होते डॅरेन लाक्रॉय या अमेरिकी वक्त्याचे, २००१ सालच्या अंतिम फेरीतले. धंद्यात बुडालेला आणि विनोदी कलाकार म्हणून रंगमंचावर सपशेल पडलेला हा माणूस. बोलता बोलता तो खरोखरच व्यासपीठावर तोंडघशी पडतो आणि लगेच उठत नाही. प्रेक्षक प्रथम हसतात, मग अस्वस्थ होतात. तो तसाच पडून बोलू लागतो. कार्यशाळेतील शिक्षकाने चित्रफीत तेथेच थांबविली आणि विचारले, "आता तुम्हाला काय वाटते आहे?" सगळ्यांचे उत्तर एकच होते : याने आता उठावे. शिक्षक म्हणाले, "पडल्यावर उठायला वेळ लावला तर पाहणाऱ्यांना कसे वाटते, हा त्याचा विषय आहे. तो त्याने सांगितला नाही, तुमच्याकडून अनुभवून घेतला."

दुसरे २००५ सालचे, टोरँटो येथील लान्स मिलर यांचे. अमेरिकेत दुकानात खरेदी केली की गाडी उभी करण्याच्या तिकिटावर शिक्का मारून घेतात, म्हणजे पैसे माफ होतात. या शिक्का मारण्याला इंग्रजीत जे क्रियापद वापरतात, त्याचाच दुसरा अर्थ माणसाची दखल घेणे, त्याचे मोल मान्य करणे असा होतो. "तुम्ही शिक्का मारता का?" या दुकानातल्या प्रश्नावर संपूर्ण भाषण उभे आहे. मराठीत हा श्लेष साधत नाही, हे उघड आहे. पण युक्ती समजण्यासारखी आहे. रोजच्या व्यवहारातली एक बारीकशी वस्तू घ्यायची आणि शेवटपर्यंत ती हातातून सोडायची नाही. आपल्या कीर्तनकारांना ही गोष्ट शेकडो वर्षे ठाऊक आहे. पूर्वरंगात एक अभंग घ्यायचा आणि कितीही दूर गेले तरी पुन्हा त्यावरच यायचे.

तिसरे भाषण मोहम्मद कहतानी या सौदी अरेबियातील अभियंत्याचे, २०१५ साली लास व्हेगास येथे झालेले. हे गृहस्थ लहानपणी सहा वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते आणि पुढेही तोतरे बोलत. ते व्यासपीठावर येतात, काही न बोलता सिगारेट तोंडात धरतात, लायटर काढतात. प्रेक्षकांत कुजबुज. मग ते धूम्रपान आणि मधुमेह यांतील मृत्यूंचे आकडे ठामपणे सांगू लागतात. श्रोते माना डोलावतात. आणि मग ते सांगतात, की हे सारे खोटे आहे, मी आत्ताच रचले. शब्दांचे सामर्थ्य हा त्या भाषणाचा विषय. आमच्या कार्यशाळेतही माना डोलावणाऱ्यांत मी होतोच. आकडा ठणकावून सांगितला की तो खरा, ही सवय बँकेत चौतीस वर्षे काढूनही गेलेली नव्हती.

ही तिन्ही भाषणे पाहताना एक गोष्ट जाणवली ती अशी, की या वक्त्यांचा सर्वांत कठीण निर्णय काय बोलायचे हा नसतो. काय टाकून द्यायचे हा असतो. सात मिनिटांत इंग्रजीची फार तर हजारभर शब्दांची मजल असते. विरामांना आणि हशांना जागा ठेवली तर त्याहूनही कमी. कार्यशाळेतील गृहस्थांनी आपल्या एका भाषणाचे एकामागून एक केलेले खर्डे दाखविले. पहिल्यात आठ प्रसंग होते, शेवटच्यात एक. उरलेले सात वाईट होते असे नव्हे. त्यांपैकी एक तर फार हृद्य होता आणि तो गाळताना आपल्याला रात्रभर झोप आली नाही, असे ते म्हणाले. मला ते पटले. आपल्याकडे वक्ता बोलायला उभा राहिला की "वेळेअभावी सर्व सांगता येणार नाही" अशी सुरुवात करतो आणि मग सर्व सांगतो.

उत्स्फूर्त भाषणाची स्पर्धा मजेची होती. सर्व स्पर्धकांना बाहेर बसवून एकेकाला आत बोलावतात, तोच प्रश्न प्रत्येकाला विचारतात आणि एक ते दोन मिनिटे बोलायला लावतात. येथेही उत्स्फूर्तता हा बराचसा भ्रम आहे, हे सूत्रसंचालकाने सांगितले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण दिले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांनी हातातला लिखित मजकूर बाजूला ठेवून स्वप्नाविषयीचा जो भाग उच्चारला, तो त्या भाषणात लिहिलेला नव्हता. मात्र हेच सूत्र त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत घेतले होते. ऐनवेळी सुचते ते आधी कोठेतरी साठविलेले असते.

भीतीविषयी अनेकांनी अनेक उपाय सांगितले : खोल श्वास घ्या, आरशासमोर बोला, सभागृह रिकामे असताना व्यासपीठावर एकदा चालून पाहा. त्यांतील शेवटचा मला उपयोगी वाटला, बाकीचे आपण सर्व ऐकत आलो आहोत. मला स्वतःला धीर आला तो दोन जुन्या हकिकतींमुळे. स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या दिवशी बोलण्याची वेळ ते वारंवार पुढे ढकलीत होते, सकाळच्या सत्रात ते बोललेच नाहीत आणि छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती, असे त्यांनीच पत्रात लिहिले आहे, हे फारसे सांगितले जात नाही. दुसरी हकिकत आपल्या मुंबईतली. बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेले मोहनदास गांधी लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले. त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. डोके गरगरू लागले आणि ते खाली बसले. दुसरा वकील नेमा, माझे तीस रुपये परत घ्या, असे त्यांनी सांगितले. पुढे याच बुजरेपणामुळे आपल्याला शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. तीस रुपये परत करण्याची सोय शोकसभेत नसते, एवढाच काय तो फरक.

या सर्व प्रकाराचे मी निव्वळ गुणगान करतो आहे, असा वाचकांचा समज होऊ नये. दोन दिवसांत अनेक भाषणे ऐकल्यावर त्यांचा साचाही दिसू लागतो. बालपणीचा अपमान, मग आई किंवा आजोबा यांचे एखादे वाक्य, मध्येच खिशातून निघणारी वस्तू आणि शेवटी तीन शब्दांचे घोषवाक्य. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला भूतकाळ आणि उजव्या बाजूला भविष्यकाळ, असे चालण्याचेही नियम ठरून गेले आहेत. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत अनेक वर्षे आशयाला ५०, सादरीकरणाला ३० आणि भाषेला २० गुण असत. कागदावर हे प्रमाण उत्तम. पण प्रत्यक्षात डोळ्यांत पाणी आणणारा आशय आणि विचार करायला लावणारा आशय यांत पहिल्याचे पारडे जड होते, असे मला वाटले. न्यायमूर्ती रानडे यांना अभिप्रेत असलेले विषय, म्हणजे अर्थकारण, इतिहास, समाजसुधारणा, सात मिनिटांत आणि तीन दिव्यांत मावणारे नाहीत. शिवाजीराव भोसले हाती कागद न घेता दीर्घकाळ, चढ्या आवाजाचा आधार न घेता बोलत आणि श्रोते जागचे हलत नसत. त्या व्याख्यानाची जागा हे भाषण घेऊ शकत नाही. कवायत आणि युद्ध यांत जो फरक आहे तसाच काहीसा हा. मात्र कवायतीशिवाय युद्धात उतरणाऱ्याची जी गत होते ती माझी झाली होती.

आणखी एक खटकलेली गोष्ट भाषेची. व्यासपीठावर घासूनपुसून इंग्रजी बोलणारा एक तरुण भोजनाच्या रांगेत माझ्या पुढे उभा होता. आपल्या सोलापूरच्या मामांची गोष्ट तो मित्राला मराठीत सांगत होता. हातात रिकामे ताट, समोर श्रोता एकच. पण व्यासपीठावर जे जमले नाही ते सारे त्या गोष्टीत होते. विराम, आवाज, मामांची मान हलविण्याची लकबसुद्धा. मला राहवले नाही. "हीच गोष्ट वर का सांगितली नाही?" असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "काका, ही काय भाषणाची गोष्ट आहे?" जागतिक अंतिम फेरी इंग्रजीतच होते, त्यामुळे त्याचा नाइलाज समजतो. पण क्लब कोणत्याही भाषेत चालविता येतो आणि मराठीतून सभा घेणारे सभासदही आहेत, हे मला त्याच रांगेत कळले.

अशाच एका मराठी सभेत मी जाऊ लागलो. प्रत्येक नव्या सभासदाचे पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे असते आणि त्यात त्याने स्वतःची ओळख करून द्यायची असते. मी माझ्याऐवजी साहेबांची करून दिली. ते मोठे होते असे एकदाही म्हटले नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला शाखेत पेन्शनरांची रांग लागे. त्या दिवशी साहेब केबिनमधून उठून बाहेरच्या बाकावर येऊन बसत आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या स्लिपा भरून देत. त्यांच्या टेबलाच्या खणात तीन चष्मे असत. दोन वेगवेगळ्या नंबरांचे, चष्मा घरी विसरून आलेल्या पेन्शनरांसाठी. एका आजींना पासबुकातला स्वतःचा आकडा त्या चष्म्यातून प्रथमच नीट दिसला, तेव्हा त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला होता. एवढे सांगून बसलो. वेळ मोजणाऱ्याने तीन मिनिटे दहा सेकंद अशी नोंद वाचून दाखविली. हिरवा दिवा लागलाच नव्हता.

माझे मूल्यमापन महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीकडे होते. आवाज फार खाली जातो, मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, हात खिशात घालू नयेत, असे तिने सांगितले. मग टिपणावर नजर टाकून म्हणाली, "काका, खणात तीन चष्मे होते म्हणालात. दोघांचे सांगितलेत. तिसरा कोणाचा?"

मला ठाऊक नव्हते. रात्री वहिनींना फोन केला. शोकसभेनंतर प्रथमच.

"त्यांचाच," वहिनी म्हणाल्या. "स्वतःचा चष्मा ते रोज घरी विसरून जायचे."